वर बाईक, खाली गाडी

अन्याय माझ्या काकूवर झाला. गेल्या त्रिपुरी पौर्णिमेला, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, खाडीच्या जेट्टीवर, बोटीकडे जाणाऱ्या उताराच्या बरोबर मध्यावर. मी साक्षीदार आहे. मोटरसायकल मीच चालवत होते.

पत्रकं लिहायला मला ज्यांनी शिकवलं, त्यांची एक शिस्त होती. पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला ते सांगायचं, दुसरीत कधी झाला, तिसरीत कुणी केला. चौथ्या ओळीपर्यंत वाचणारा चिडला नाही तर कागद फुकट गेला. पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या गळक्या छपरावर, रस्त्यातल्या खड्ड्यांवर मी अशी पत्रकं लिहिली आहेत आणि भर बाजारात उभी राहून वाटली आहेत. आज पहिल्यांदाच तिसरी ओळ मागे ठेवतेय. कुणी केला ते सांगणार आहे, पळून जाणार नाही. पण आधी टायरचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

माझे काका न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचे. बंदरातून कंटेनर उचलायचा आणि सांगतील तिथे नेऊन टाकायचा, ह्यात त्यांचं आयुष्य गेलं. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला, तेव्हा ते माणगावजवळच्या आमच्या गावी परत आले आणि भाताची शेती बघायला लागले. परत येणारा माणूस सोबत भांडी आणतो, गाद्या आणतो. काकांनी ते आणलंच, शिवाय नवी मुंबईतल्या कुणा साहेबाने विकायला काढलेली एक भली मोठी टूरिंग मोटरसायकल आणली. पुढे वारा अडवायला काच, मागे दोन्ही बाजूंना डिक्क्या, आणि मागच्या सीटवर पाठ टेकायला गादी. अंगणात ती पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा शेजारचे आजोबा तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "ही कापणीची का मळणीची?"

गुडघ्यामुळे काकांना ती तोलता येईना. घरात दुचाकी चालवणारी मी एकटी. म्हणून मी चालक झाले आणि काका मागे बसून मार्गदर्शन करू लागले. काकांना कंटाळा आला की मागे काकू बसायची. काकू कोळ्यांची मुलगी, तिला ती सीट फार आवडायची. "म्हावऱ्याच्या टेम्पोत पाट्यांवर बसून लहानपण गेलं माजं," ती म्हणायची, "आता टेकून बसते."

दीड वर्षात मागचा टायर झिजला. कडेला नवाकोरा आणि मधून तळहातासारखा गुळगुळीत. महामार्गावर सरळ रेषेत पळून पळून असं होतं. नवा टायर हवा म्हणून मी पनवेलपासून मुंबईपर्यंत दुकानांना फोन लावले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. माल बाहेरून येतो, कंटेनर लागला की कळवू.

हे ऐकल्यावर काका खाटेवर उठून बसले. "सगळी जिंदगी मी ह्यांचे कंटेनर ओढले. आता एका टायरसाठी मी कंटेनरची वाट बघत बसू?"

दुसऱ्या दिवशी ते टेप घेऊन मागच्या चाकापाशी बसले. रिमचं माप घेतलं, टायर आणि फ्रेमच्या मधे किती बोटं जातात ते बघितलं, आणि मला म्हणाले, "चल माणगावला. ह्या मापाचा गाडीचा टायर मिळतो."

"गाडीचा म्हणजे?"

"म्हणजे चारचाकीचा. टायर टायरच असतो. मला टायर शिकवू नको."

माणगावच्या टायरवाल्याने आम्हाला आधी हाकलूनच दिलं. "चाचा, रिम बाईकचा, टायर गाडीचा. हे दोघं एकमेकांना ओळखत पण नाहीत."

"माझी बायको कोळ्यांची," काका म्हणाले. "मी डोंगराकडचा भातवाला. आमची तरी कुठं ओळख होती? बसव तू."

त्याने भरपूर साबणाचं पाणी लावलं, आम्हा दोघांना लांब भिंतीआड उभं केलं आणि हवा भरायला घेतली. बराच वेळ काहीच होईना. मग ठाप करून एक कड बसली, थोड्या वेळाने दुसरी. टायरवाल्याने कपाळ पुसलं. "मी बसवून दिलाय," तो म्हणाला, "पण मी बसवलाय असं कुणाला सांगायचं नाही." मी शब्द दिला होता, म्हणून तो कोण आणि त्याचं दुकान कुठल्या कोपऱ्यावर, हे मी लिहिणार नाही.

मात्र एक स्पष्ट सांगते. टायर बनवणारे हे करू नका म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. मोटरसायकलच्या रिमची कड वेगळी असते आणि गाडीच्या टायरची वेगळी. हवेत गडबड झाली तर टायर रिम सोडू शकतो. विमावाला ऐकेल तर डोक्याला हात लावेल. कुणी वाचून उत्साहाने टायरच्या दुकानाकडे निघाला असेल, तर त्याने परत घरी यावं. आम्ही हे केलं, दर आठवड्याला हवा तपासतो, आणि काका रोज सकाळी चहा घ्यायच्या आधी वाकून त्या टायरकडे बघतात. काकूला हेसुद्धा आवडत नाही. "माज्याकडं कदी एवढं बघितलं न्हाय," ती म्हणते.

पहिल्या दिवशी मी ती चालवली तेव्हा रडायचीच बाकी होते. मोटरसायकलचा टायर गोल असतो. वळणावर तुम्ही नुसतं मनात आणलं तरी तो कुशीवर होतो. गाडीचा टायर चपटा. त्याला कूस हा प्रकारच माहीत नाही. वळण आलं, मी नेहमीसारखी कलले, आणि मोटरसायकल सरळ कुणाच्या तरी पेंढ्याच्या उडवीकडे निघाली. मागून काका ओरडले, "ढकल!"

"काय ढकलू?"

"हँडल ढकल. डावीकडं वळायचंय ना, मग डावा हात पुढं ढकल. आणि वळण संपेपर्यंत हात काढू नको."

मी ढकललं. उडवी वाचली. पुढे महिनाभर हाच एक धडा चालला. वळणात मधेच हात सैल सोडला की ही बया परत उभी राहते, आणि उभी राहिली की सरळ जाते. रस्ता एका बाजूला उतरता असेल तर हळूहळू त्या बाजूला चालू लागते, बाजारात हात धरलेल्या हट्टी पोरासारखी. पण सरळ रस्त्यावर आणि ओल्यात तिचं पाऊल असं काही पडतं की काकांची छाती फुगते. गोल टायरला नुसती खूण पुरते, ते म्हणाले, ह्याला स्पष्ट सांगावं लागतं. तेव्हा मला ही मोटरसायकल आवडायला लागली. स्पष्ट सांगायला मला काही अडचण नसते.

काकूने मात्र बहिष्कार टाकला. "नवूवारीवर बूट घातल्यागत दिसतंय," ती म्हणाली. "लोक हसतात. मी त्या चपट्यावर बसनार न्हाय." दोन महिने बसली नाही. बाजाराला जाताना मी दारात हॉर्न वाजवायची आणि ती समोरून चालत जायची, न बघता.

आणि मग तिच्या भावाची होडी तयार झाली.

काकूचं माहेर खाडीच्या पलीकडे, मुरुडच्या बाजूच्या एका कोळीवाड्यात. तिने काकांशी लग्न केलं तेव्हा तिच्या घरच्यांनी बोलणं टाकलं होतं. धाकट्या भावाने पहिली होडी बांधली, ती पाण्यात लोटली, तेव्हा बोलावणं आलं नाही. नव्या होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, नारळ फोडायचा मान घरच्या बहिणीचा. बहीण एकच, आणि ती माणगावच्या बाजूला सुकी मासळी निवडत बसलेली. तो नारळ भावाच्या मेहुणीने फोडला. काकू हे कधी बोलली नाही. पण कुठल्याही होडीचा फोटो दिसला की ती आधी नाळ बघते, आणि पुसट झालेलं कुंकू दिसलं की म्हणते, "बरोबर लावलेलं न्हाय."

ह्या वेळी भाऊ स्वतः आला. ओटीवर बसला, चहा प्याला, काकांशी पावसाचं बोलला. उठता उठता म्हणाला, "ताय, पुनवेला होडी लोटायची हाय. नारळ तुजा."

काकूने मान हलवली आणि आत गेली. आत जाऊन तिने तांदळाचा डबा उघडला, बंद केला, परत उघडला.

पौर्णिमेला आमच्या किनाऱ्यावर भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते. हे काकूला घड्याळाशिवाय माहीत आहे. उधाणाचं पाणी तेवढ्यापुरतं होडीच्या बुडापर्यंत येतं आणि थोडा वेळ थांबतं. त्या वेळात होडी लोटली तर लोटली, नाहीतर मोठ्या पाण्यासाठी पुढच्या अवसेची वाट बघायची. थांबून चालणार नव्हतं. आपल्यासाठी त्यांनी होडी अडवावी असं काकूलाही वाटत नव्हतं. आपण वेळेवर पोचायचं, एवढंच होतं.

काका आदल्या दिवशीच एसटीने पुढे गेले, मेहुण्याला हातभार लावायला. उरलो आम्ही दोघी आणि मोटरसायकल. काकूने सगळा हिशोब केला. चारचाकीने जावं तर जेट्टीवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग, तीन तीन फेऱ्या थांबावं लागतं. दुचाकीला मात्र आधी सोडतात. तिने अंगणात येऊन टायरकडे असं बघितलं जसं ती बाजारात शिळ्या पापलेटकडे बघते.

"बसते," ती म्हणाली. "पन कुनाला सांगू नको मी खुशीनं बसले."

डाव्या डिक्कीत नारळ, कुंकवाचा करंडा आणि केळीच्या पानात गुंडाळलेली अबोलीची वेणी, कारण हेल्मेटखाली वेणी चुरडते. उजव्या डिक्कीत भावासाठी करंज्या. आम्ही साडेआठला निघालो आणि दहा वाजता जेट्टीच्या उतारावर होतो. उजव्या हाताला गाड्यांची रांग पार वळणापर्यंत गेली होती. डावीकडे दुचाक्या भराभर खाली सुटत होत्या. बोट लागलेली होती. मी काकूला म्हटलं, "अकरा-सव्वाअकराला पोचतो बघ."

उताराच्या मध्यावर एक खलाशी उभा होता. पस्तिशीचा, उन्हाने रापलेला, हातात लाकडी ठोकळा. बोटीवर गाड्यांच्या चाकाखाली लावतात तो. प्रत्येक वाहन त्याच्यापाशी आलं की तो चालकाकडे न बघता मागे जायचा, वाकायचा, टायर बघायचा आणि हाताने डावी-उजवी दाखवायचा. आम्ही आलो. तो मागे गेला. दोन डिक्क्यांच्या मधे त्याला जे दिसलं ते बघून तो वाकल्या जागीच थांबला.

"ताई, उजवीकडं."

"उजवीकडे गाड्या आहेत."

"ही गाडीच हाय."

"दादा, ही बाईक आहे."

"वर बाईक हाय," तो शांतपणे म्हणाला. "खाली गाडी हाय. आमी खालचं बघतो."

तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

मी हेल्मेट काढलं. मला सवय आहे. हा नियम कुणी केला, कधी केला, कुठे लिहिलाय, असं मी एका दमात विचारलं. खलाशाने ठोकळ्यानेच तिकीटखिडकीकडे बोट केलं. खिडकीच्या काचेवर एक कागद चिकटवलेला होता, उन्हाने पिवळा पडलेला. त्यावर ठळक अक्षरात लिहिलं होतं:

तोंड पाहून नको, टायर पाहून सोडा.

आता तिसरी ओळ लिहिते. अन्याय मी केला.

ते पत्रक माझं होतं. शब्द माझे, छपाईला मीच गेले होते, आणि काचेला खळ लावून चिकटवलं होतं तेही मीच. आदल्या उन्हाळ्यात जेट्टीवर फार गोंधळ व्हायचा. ज्याची खिडकीवाल्याशी ओळख तो पुढे. ज्याची गाडी चकचकीत तो पुढे. आणि मालाच्या तीनचाकी रिक्षा, पुढून स्कूटरसारखं तोंड दाखवून, दुचाक्यांच्या रांगेत घुसायच्या. मासळीच्या पाट्या घेऊन स्कूटरवर आलेल्या बायका मागे राहायच्या. मी तीन दिवस उन्हात उभी राहून तो गोंधळ पाहिला, मग हे पत्रक लिहिलं. ओळ जमली म्हणून मी इतकी खूश होते की घरी सगळ्यांना दोनदा वाचून दाखवली. आणि माझ्या सगळ्या पत्रकांतलं हे एकच असं निघालं की ज्याचं लोकांनी ऐकलं. अक्षरशः ऐकलं. टायर पाहून सोडायला लागले.

काकू वाचायला वेळ घेते. तिने बोटाने हवेत अक्षरं लावली, ओळ पुरी केली, आणि माझ्याकडे बघितलं. दोनदा वाचून दाखवलेलं तिच्या लक्षात होतं.

"ज्यानं हे लिवलंय," ती मोठ्याने, जेट्टीला ऐकू जाईल असं म्हणाली, "त्याला सोर्गाच्या दारात पन रांगेत उभं करतील."

आम्ही उजव्या रांगेत गेलो. पुढे पांढरी मोठी गाडी, मागे काळी मोठी गाडी, मधे आम्ही. काळ्या गाडीतले गृहस्थ उतरून आले, मोटरसायकलभोवती फिरले, टायरला पायाने हळूच टोचलं आणि आपल्याकडे सगळे जे विचारतात तेच विचारलं. "ॲव्हरेज किती देते?" खाली बोटीचा भोंगा वाजला आणि पहिली फेरी आमच्याशिवाय सुटली. ती पाण्यावर लहान होईपर्यंत काकू बघत होती. मग डिक्की उघडून तिने नारळ हलवून पाहिला, आत पाणी आहे ना ते, आणि परत ठेवून दिला.

मला जे येतं ते मी केलं. करंज्यांच्या पिशवीवर पेनाने पत्रक लिहिलं. कुणावर अन्याय, कधी, आणि शेवटी तीन मागण्या. घेऊन खाली गेले आणि खलाशाला वाचून दाखवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. माणूस चांगला होता, हे मान्य करते.

"चांगलं हाय," तो म्हणाला. "पन ताई, खिडकीवरचं पन कुनीतरी असंच लिवलेलं. आता ह्यातलं कंचं खरं धरू?"

"दोन्ही मीच लिहिली आहेत."

तो हसला नाही, एवढे त्याचे उपकार. "मग तुमचं आदी ठरू दे," म्हणाला. "आमी थांबतो."

मी परत वर आले. पलीकडच्या काठाला टेकून बोट परत निघालेली दिसत होती. पावणेअकरा वाजून गेले होते. आमच्या पुढच्या गाड्या मोजल्या तर पुढच्या फेरीतही आमचा नंबर लागत नव्हता, त्याच्या पुढच्या फेरीत कदाचित. म्हणजे पलीकडे उतरायलाच बारा, आणि पुढे अर्ध्या तासाचा रस्ता. काकूने माझ्या हातातली पिशवी वाचली नाही. तिने हेल्मेट माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि उतार उतरायला लागली. मी मागून.

"बाबा," ती खलाशाला म्हणाली, "इकडं ये. मोज."

"काय मोजू, मावशी?"

"चाकं. माज्या गाडीची."

तो वर आमच्या मोटरसायकलपर्यंत आला. बाजूच्या दुचाकीवाल्यांनी मान वळवली. खलाशाने ठोकळा पुढच्या चाकाकडे दाखवला. "एक." मग मागच्या. "दोन."

"फुडं?"

"फुडं न्हाय."

"नीट बघ. खाली वाकून बघ. कुटं लपवलं असंल."

"न्हाय मावशी, दोनच हायत. पन टायर..."

"टायर गाडीचा हाय. व्हय. मी कुटं न्हाय म्हनते? माजा न्हवराच तसा हाय." काकूने वळून खाली बोट दाखवलं. परतलेली बोट नुकती धक्क्याला लागत होती. तिच्या दोन्ही कुशींना, धक्का लागू नये म्हणून, जुने टायर दोरीने लटकवले होते. "ती कुनाची?"

"आमची."

"तिला टायर कसले हायत?"

खलाशाने वळून बघितलं. "ट्रकचे," तो म्हणाला.

"ट्रकचे. मग ती ट्रक झाली. तिला आन आदी उजव्या रांगेत, माज्या मागं लाव."

दुचाक्यांच्या रांगेत एक मासळीवाली होती, ती इतकी हसली की तिला स्कूटर स्टँडला लावावी लागली. मग रांगेतले बाकीचे. मग काळ्या गाडीतले ॲव्हरेजवाले गृहस्थ. शेवटी खलाशी. तो हसता हसता खाली बसला आणि ठोकळ्याने जमीन बडवली. उठून त्याने डावा हात लांब केला. "जा मावशी. जा आता, न्हायतर माज्या बोटीचा नंबर लावशील."

बोटीवर दुचाक्या कठड्याला दोरीने बांधतात. आमच्या मागच्या टायरपाशी तो आला, थोडा विचार केला आणि दोरी बांधून वर ठोकळाही लावला. "दोन्ही नियम पाळले," म्हणाला.

पलीकडे उतरलो तेव्हा सव्वाअकरा होऊन वर पाच मिनिटं झाली होती. काकांचा फोन आला. "पाणी चढतंय. कुठं आहात?" काकूने फोन माझ्या कानापासून ओढून घेतला. "येतोय. तुमच्या टायरनंच उशीर केला," ती म्हणाली. पण फोन ठेवल्यावर तिने सीटच्या पाठीला टेकून माझ्या खांद्यावर थाप मारली.

खाडीकडून कोळीवाड्याकडे जाणारा रस्ता म्हणजे नुसती वळणं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नारळीच्या वाड्या आणि त्यांच्यामधून दिसणारं पाणी. तेवढ्याच रस्त्यावर गोल टायर असता तर मी गुणगुणत गेले असते. इथे प्रत्येक वळण हाताने करावं लागत होतं. तिसऱ्या वळणावर माझा हात जरा सैल पडला आणि मोटरसायकल उभी राहायला लागली, तशी मागून काकू ओरडली, "ढकल गो!"

दोन महिने तोंड फिरवून चालणाऱ्या बाईला हा शब्द कुठून माहीत, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, अंगणात तुम्ही दोघं एवढं बोंबलत होता, बहिरी हाय का मी? पुढची सगळी वळणं तिनेच म्हटली. डावं आलं, ढकल. उजवं आलं, ढकल. एकदा ढकलायचं नव्हतं तिथेही म्हणाली.

वाड्यावर पोचलो तेव्हा बाराला पाच कमी होते. मागचा टायर पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या, सुरुवातीला भक्कम जागी उभा करून आम्ही धावलो. काकू हेल्मेटमध्येच धावली. होडी ओंडक्यांवर उभी होती, ताज्या रंगाची, फुलांच्या माळा घातलेली, आणि पाणी तिच्या बुडाला येऊन चाटत होतं. भावाची मेहुणी ताट धरून नाळेपाशी उभी होती. वेळ पडली तर असावं म्हणून. त्यात तिचा काही दोष नाही. काकूला बघितल्यावर तिने ताट पुढे केलं आणि मागे सरली.

"आलीस," भाऊ म्हणाला.

"रांग होती," काकू म्हणाली.

हेल्मेट काढून तिने वेणी माळली. काकांनी ती केसांत नीट बसवली, सगळ्यांसमोर. मग तिने नाळेवर कुंकू लावलं. बोट तीनदा फिरवलं, मागे होऊन बघितलं, परत एकदा लावलं. आणि नारळ. पहिल्याच घावाला फुटला आणि पाणी तिच्या मनगटावरून होडीच्या अंगावर उडालं. दोन्ही बाजूंनी माणसं खांदा लावून उभी राहिली. काका गुडघा विसरून त्यांच्यात घुसले. भावाने हात वर केला आणि ओरडला तो शब्द मी महिनाभर ऐकला होता.

"ढकल!"

होडी ओंडक्यांवरून घसरली, पाण्यात शिरली, थोडी डोलली आणि उभी राहिली.

नंतर करंज्या खाताना भाऊ मोटरसायकलपाशी आला. मागे जाऊन वाकला आणि टायरवरून हात फिरवला. "भावजी, हा झिजला की माला द्या. होडीच्या कुशीला बांदतो."

"झिजू तर दे," काकू म्हणाली. "आत्ताशी कुटं मी बसायला लागले."

पुढच्या आठवड्यात मी खळ आणि नवा कागद घेऊन जेट्टीवर गेले. जुनं पत्रक काचेवरून निघेना, इतकं पक्कं बसलं होतं. म्हणून नवं त्याच्यावरच चिकटवलं. ह्या वेळी शब्दांची जुळवाजुळव नाही, तीन मागण्या नाहीत. दोनच शब्द आहेत. खलाशाने ते उभं राहून वाचलं, ठोकळा काखेत घेतला आणि म्हणाला, "हे धरतो."

तेच दोन शब्द आता तुमच्यासाठी. जेट्टीवर, टोलवर, पेट्रोल पंपावर, कुठल्याही रांगेत, तुम्हाला न कळणारं काही घेऊन एखादी बाई उभी असेल आणि तिला कुणी उजवीकडे जायला सांगत असेल, तर हॉर्न वाजवू नका, आणि ॲव्हरेज किती देते ते विचारू नका. गाडीतून उतरा. मागे जा. वाका. सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने, चाकं मोजा. आणि दोन भरली तर वाट सोडा. पाणी थांबत नाही.